कार्यवाहताई

बालशिक्षकांच्या संघटनेत अध्यक्ष बदलतात, खजिनदार वैतागून सोडून जातात. कार्यवाहताई मात्र असतातच. खांद्याला शबनम, तिच्यात पावतीपुस्तक, शिक्का, शाईचं पॅड, आणि चिल्लरीच्या पाकिटात एक सेंटिमीटरचा गुलाबी लाकडी ठोकळा. माँटेसरी साहित्यातल्या गुलाबी मनोऱ्यातलं हे दहावं, शेंडेफळ. दहा सेंटिमीटरचा थोरला कधी हरवत नाही. हा मात्र कुणाच्या तरी चड्डीच्या खिशातून घरी जातो, नाहीतर केरात.

ताई शाळेला भेट द्यायला आल्या की नजर आधी मनोऱ्याच्या टोकावर. ते बोडकं दिसलं की मुख्याध्यापिकेच्या घशाखाली चहा उतरत नाही. ताई पाकीट उघडतात, आपला ठोकळा वर ठेवतात, मुलांना पुरा मनोरा दाखवतात आणि निघताना ठोकळा परत पाकिटात. "पावतीशिवाय संघटनेची वस्तू देता येत नाही हो!"

भाषण कुठलंही असो, सुरुवात १९०७ च्या रोममधून, सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीतल्या माँटेसरीबाईंच्या बालगृहापासून. मग गिजुभाई आणि ताराबाई मोडक. त्यांचा नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा, खुद्द बाईंची आंतरराष्ट्रीय संघटना १९२९ ची. "म्हणजे आपण तीन वर्षं पुढे!" हे ताई अशा थाटात सांगतात, की पहिल्या सभेचं इतिवृत्त यांनीच लिहिलं असावं.

मुलाला टोकायचं नाही, यावर त्यांची अढळ श्रद्धा. दट्ट्यांच्या लाकडी ठोकळ्यात एखादा दट्टा चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दट्टा उरतोच. मूल आपलं आपण शोधतं, सुधारतं. ही सवलत वय वर्षं सहापर्यंत. सातव्या वर्षापासून पुढच्यांना, विशेषतः सभासद शिक्षिकांना, लाल शाई.

'माँटेसरी' या नावावर कुणाची मालकी नाही, ही त्यांची जुनी ठसठस. खाली वाण्याचं दुकान, वर फ्लॅटमध्ये प्लास्टिकची घसरगुंडी आणि दारावर पाटी: माँटेसरी. ताई पाटी वाचतात, दीर्घ श्वास घेतात, जिना चढतात आणि वर्गणीची पावती फाडून खाली येतात. "आधी आत तर येऊ देत, मग बघते." आणि बघतातही. तुटपुंज्या पगारावर चाळीस पोरं सांभाळणारी तिथली मुलगी शिबिराला येते. ताई तिची दोन बोटं धरून खरखरीत कागदाच्या 'ग' वरून फिरवतात, चांगली तीनदा. तिला आजवर हे कुणी दाखवलेलंच नसतं. पुढच्या शिबिराला ती मैत्रिणीला घेऊन येते. अर्थात, मैत्रिणीचीही पावती फाटते.

मात्र खरी ताई बघावी ती वार्षिक सभेत. एका वर्षी अधिवेशनाच्या जेवणावरून जुंपली. जेवले ऐंशी, बिल सव्वाशे पानांचं! एक बाई हटूनच बसल्या. ताईंनी शांतपणे दिवे घालवले आणि शांततेचा खेळ जाहीर केला. स्वतः दाराआड गेल्या आणि कुजबुजत्या आवाजात एकेकीला नावानं हाक मारू लागल्या. पन्नाशीच्या बायका चवड्यांवर चालत, खुर्चीचाही आवाज न करता, बाहेर. बाहेर गरम बटाटेवडे! वडे खाता खाता मोकळा हात वर करून हिशेब मंजूर झाला.

प्रश्न विचारणाऱ्या बाई आत डोळे मिटून बसलेल्या. त्यांचं नाव काही आलं नाही, आणि हाक आल्याशिवाय उठायचं नाही हा नियम त्या स्वतःच वर्गात शिकवतात. इतिवृत्तात ताईंच्या वळणदार अक्षरात नोंद आहे: 'हिशेब एकमताने मंजूर.'