तीन इंचांचे बापू

अमेरिकेत स्थिरावलेला मराठी माणूस चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या नादाला लागतो. कुणी मॅरेथॉन पळतो, कुणी घरी पाव भाजून त्याचे फोटो पाठवतो, कुणी परसात कढीपत्ता जगवतो आणि दोन डहाळ्या देऊन जन्माचे उपकार करतो. बापू पिकअपच्या नादाला लागले. चालवायच्या नव्हे, तिच्याखाली झोपायच्या.

बापू मूळचे इचलकरंजीचे, आता राहायला सॅन होजेत. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितात. दिवसभर ज्या वस्तूवर ते काम करतात ती हाताला लागत नाही, तिला वास नसतो आणि ती निसटून पायावर पडत नाही. ही उणीव बापू शनिवार-रविवारी भरून काढतात. गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली शेवरोले एस-१०, टू-व्हील ड्राइव्ह, मूळ रंग हिरवा असावा. इथे बर्फ नाही, रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, त्यामुळे चॅसी गंजत नाही, हे बापू ओहायोतल्या साडूला न चुकता फोन करून कळवतात.

या गाडीचं बूड तीन इंच खाली आणायचं बापूंच्या मनाने घेतलं.

आता इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हे सुचावं, यात मोठीच गंमत आहे. तिकडे टेम्पो घेतला की पहिल्या आठवड्यात मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घेतात. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर भागवणारा तो भित्रा, अशी समजूत. बापूंच्या आत्येभावाच्या टेम्पोला तर इतके पाटे होते की रिकामा असताना तो पुढे वाकून नमस्कार केल्यासारखा दिसे आणि सुताची बाचकी भरल्यावरच ताठ होई. बापूंनी लहानपणी त्याच्या पान्याला हात लावला की आत्या ओरडायची, "आरं, तू शिकायचं बघ, हात काळं करू नगंस." बापू शिकले. इतके शिकले की आता हात काळे करायला त्यांना कुणी अडवू शकत नाही.

"आत्येभावाला सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणतोय, पैसे देऊन गाडीची ताकद कमी करायलायस? डोकं फिरलंय का तुझं?"

पण बापूंकडे तत्त्वज्ञान तयार होतं. पिकअप कारखान्यातूनच मागे उंच येते, कारण हौद्यात माल पडला की पाटे दबून ती सपाट व्हावी. बापूंच्या हौद्यात माल पडतो तो कॉस्टकोतून आणलेला तांदूळ. म्हणजे गाडीने जन्मभर बूड वर करूनच उभं राहायचं का? हा प्रश्न त्यांनी मंडळाच्या कोजागिरीला, दुधाचा पेला हातात धरून, एका हृदयरोगतज्ज्ञाला विचारला होता.

दुसरं कारण म्हणजे शेजारचे मेक्सिकन आजोबा. सॅन होजे हे बसक्या गाड्यांचं जुनं माहेर. 'लोरायडर' मासिक १९७७ साली इथेच सुरू झालं आणि किंग रोड-स्टोरी रोडच्या चौकात अशा गाड्यांच्या संथ मिरवणुका निघत. आजोबा त्या मिरवणुकांतले. संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून ते बापूंना इतिहास सांगतात आणि बापू तो मला सांगताना त्यात स्वतःची भर घालतात. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून कायदाच लागू केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली येता कामा नये. पोलिसांनी पावत्या फाडायला सुरुवात केली. तेव्हा सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो कायदा रद्द झाला तो थेट २०२४ च्या जानेवारीत. बापूंच्या तीन इंचांनी रिमशी बरोबरी होण्याची सुतराम शक्यता नव्हती, पण "आता कायदा पण आपल्या बाजूनं हाय" हे वाक्य म्हणण्यासाठी त्यांना हा सगळा इतिहास लागायचा.

बूड खाली आणायचे ठोकळे आणि लांब यू-बोल्ट यांचा संच शंभर डॉलरच्या आसपास येतो. गॅरेजवाला तासाला दीडशे सहज घेतो. म्हणून घरी केलं की पैसे वाचतात, हे बापूंचं गणित. त्या बचतीतून त्यांनी तीन टनी जॅक घेतला, चार स्टँड घेतले, गोटी पान्यांचा नवा डबा घेतला, टॉर्क रेंच घेतला आणि पाठीवर झोपून सरकायची चाकांची फळी घेतली. वहिनींनी हिशेब विचारला तेव्हा बापू म्हणाले, "हत्यारं खर्चात धरत नाहीत." ही फळी मात्र त्यांनी फार वापरली नाही. ती ड्राइव्हवेच्या उतारावरून त्यांना घेऊन रस्त्याकडे निघाली होती.

कामाचं शास्त्र बापूंनी आम्हाला जेवणाच्या टेबलावर समजावलं. वहिनींना पोळ्या थांबवून लाटणं द्यावं लागलं. लाटणं म्हणजे ॲक्सल, उलथनं म्हणजे पाटा, देवघरातली काडेपेटी म्हणजे ठोकळा. एस-१०चा पाटा ॲक्सलच्या खालून जातो. दोघांच्या मध्ये काडेपेटी सरकवली की लाटणं उलथन्यापासून तेवढं वर उचललं जातं आणि गाडी तेवढीच खाली बसते. मोठ्या पिकअपमध्ये पाटा ॲक्सलच्या वर असतो. तिथे हाच ठोकळा घातला तर गाडी उलट वर चढेल. त्या लोकांना अख्खा ॲक्सल पाट्याच्या वर घ्यावा लागतो आणि तो आदळू नये म्हणून चॅसीला कमानीसारखी खाच कापावी लागते. "चॅसी कापायची!" बापू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते पाहून वहिनींनी लाटणं परत घेतलं.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी माझ्याकडे विजेरी होती. बापूंच्या कपाळावर एक दिवा होताच, पण ते जिकडे बघत तिकडेच तो उजेड पाडायचा आणि हात भलतीकडे असायचे. पुढच्या चाकांना अडण्या लावल्या, मागची चाकं काढली, चॅसी स्टँडवर टेकवली, ॲक्सलखाली दुसरा जॅक लावला. एका बाबतीत बापू कडक आहेत: नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते स्वतः जात नाहीत आणि कुणाला जाऊ देत नाहीत. उचलायला जॅक, तोलायला स्टँड. गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिल्यावरच आत शिरले.

यू-बोल्टच्या नटांवर आदल्या रात्रीपासून तेल मारून ठेवलं होतं. तरी पहिला नट हलेना. पान्याला हातभर पाईप लावला, बापूंनी पाय टेकला आणि आजोबांनी कुंपणावरून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं. कडाक् आवाज झाला. तुटलं की सुटलं हे कुणालाच कळलं नाही. सुटलं होतं.

खरी परीक्षा पुढेच. पाट्यांना एकत्र बांधणारा जो सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं ठोकळ्याच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे आणि ठोकळ्याची खुंटी वर ॲक्सलच्या भोकात. जरा इकडेतिकडे झालं तर ॲक्सल वाकडा बसतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी पळते. डावी बाजू बसली. उजवी अर्ध्या बोटाने चुकत होती. बापूंनी टॉमीची सळई अडकवून ॲक्सल ढकलायला घेतला.

"जॅक वर घे. जराऽऽ. बस्स, बस्स! अरे, बस्स म्हटलं की!"

आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"बापू? काय झालं?"

"काय नाय. बघायलोय."

उजवी बाजूही बसली होती. नवे यू-बोल्ट चढवले (जुने ताणलेले असतात, पुन्हा वापरायचे नाहीत), नट एकाआड एक तिरके आवळले. टॉर्कचा आकडा बापूंनी तळहातावर लिहिला होता आणि तो ग्रीसखाली गेला, म्हणून गाडीचं पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. शॉकॲब्सॉर्बर आखूड बसवले. गाडी खाली टेकली तेव्हा बापू टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत मोजत बसले. डावीकडे तीन इंच, उजवीकडे पावणेतीन. बापूंनी यावर वाद घातला नाही. टेपच बदलला.

बूड खाली गेल्यामुळे हेडलाइट आता समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर पडत होते, तेही उतरवून घेतले. शंभर एक मैल चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. म्हणून बापू गिलरॉयला जाऊन लसूण घेऊन आले आणि उरलेले मैल फ्रीमाँटच्या देवळाला जाऊन भरले. घरात लसूण होता.

तुम्हाला वाटेल, एवढ्या खटाटोपातून मिळालं काय? मला विचाराल तर फार मोठी गोष्ट मिळाली. अमेरिकेत ज्याच्याकडे पिकअप असते त्याचा महिन्यातला एक शनिवार दुसऱ्यांच्या सोफ्याखाली जातो. मंडळात कुणी घर बदललं की फोन बापूंना. आता बापू फोनवरच खेदाने सांगतात, "गाडी खाली केली की हो. लोड घेत नाही. ॲक्सल स्टॉपला आपटंल." यातला शब्दन् शब्द खरा आहे, म्हणून कुणाला वाईटही वाटत नाही. गणपतीत ढोल-ताशे न्यायचे म्हटलं की मात्र गाडी लगेच तयार. ढोल मोठा दिसतो पण वजन नसतं, असं बापूंचं म्हणणं, आणि हौदा खाली आल्यामुळे चढवायला सोपं पडतं हे ढोलवाल्यांचं.

आता पुढची बाजू राहिली आहे. तिथे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर माणूस जायबंदी होतो, प्रसंगी जातो. ते काम मुकाट्याने गॅरेजमध्ये द्यावं, यावर वहिनी, मी, आजोबा आणि इचलकरंजीचा आत्येभाव यांचं एकमत आहे. बापूंनी स्प्रिंग दाबायचं हत्यार मागवलं आहे.