ए विंग विरुद्ध बी विंग

नेरूळच्या आमच्या सोसायटीत क्लबहाउसमधला टीव्ही कुणी लावायचा, हा वाद आता फक्त संयुक्त राष्ट्रांत न्यायचा राहिला आहे. ए विंग रशियाच्या बाजूची, बी विंग युक्रेनच्या. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर ए विंग इस्रायलकडे गेली आणि बी विंग पॅलेस्टाइनकडे. पुढे इराण आला तेव्हा नवी वाटणी करावी लागली नाही, जुन्या पार्किंगप्रमाणेच चालू राहिलं. सी विंग तटस्थ आहे. तिचा पाण्याचा पंप बिघडलाय, त्यामुळे परराष्ट्र धोरणाला सवड नाही.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही विंगांचं एकमत: बातम्या विकल्या गेल्यात. कुणाला, एवढ्यावरच भांडण.

शेवटी मॅनेजिंग कमिटीने पाहणी समिती नेमली. प्रत्येक विंगचे दोन निवृत्त सभासद, एक वही आणि गणेशोत्सवातल्या शर्यतींसाठी घेतलेलं स्टॉपवॉच. एकाच सोफ्यावर बसून एकच बातमीपत्र पाहायचं आणि कुणाची बाजू किती दाखवली ते लिहायचं. अहवाल दोन आले. ए विंगच्या मते इस्रायलचं नाव घेताना अँकरने भुवई उडवली. बी विंगच्या मते गाझाची दृश्यं चालू असताना त्याने घड्याळाकडे पाहिलं. स्टॉपवॉचवरून कुणी कुणाला ढकललं, ते इतिवृत्तात नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांना यात काहीच नवल वाटलं नसतं. हा खेळ त्यांनी १९८५ मध्ये शास्त्रोक्त करून छापलाय. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी छावण्यांत हत्याकांड झालं. त्यावरच्या अमेरिकी टीव्हीच्या बातम्या त्यांनी इस्रायलवाल्या आणि अरबवाल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. चित्रफीत तीच, आणि दोन्ही गट म्हणाले, ही आमच्या विरुद्ध आहे. ज्याला विषयाची माहिती जास्त, त्याला पक्षपातही जास्त दिसला. आमच्या ए विंगमधले एक काका रोज चार पेपर वाचतात. त्यांच्या ब्लडप्रेशरचं कारण आता कळलं.

म्हणून वाहिन्या सोवळ्या ठरतात असं कुणी समजू नये. २३ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांसाठी लेखी ताकीद काढावी लागली. युक्रेन युद्धाच्या मथळ्यांचे नमुनेही त्यात दिले: ‘यूक्रेन में एटमी हड़कंप’, ‘परमाणु पुतिन से परेशान जेलेंस्की’. सरकारी कागदावर एवढा अनुप्रास बहुधा पहिल्यांदाच उमटला असेल. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी, तर वाहिन्यांना कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, असं सांगायची पाळी आली. लोकांना सवय झाली, तर खरा भोंगा वाजल्यावर ते रिमोट शोधत बसायचे. या वाहिन्यांनी पुतिन किंवा झेलेन्स्कीकडून पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. त्यांना दोघेही चालतात, फक्त त्यांनी थांबता कामा नये.

विंगांच्या निष्ठेचं म्हणाल, तर ती कढईत तपासावी. युद्धाआधी देशात येणाऱ्या सूर्यफूल तेलातलं बहुतेक युक्रेनचं असायचं, म्हणजे रशियावादी ए विंगच्या पुऱ्या शत्रूच्या तेलात फुगत होत्या. युद्ध लांबलं आणि रशिया पहिल्या नंबरचा पुरवठादार झाला. आता बी विंगची पाळी. पुऱ्यांच्या चवीत पक्षपात झाल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

आता समितीच्या वहीत नसलेली एक नोंद. १३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणचे सैनिक हेलिकॉप्टरमधून दोराने ‘एमएससी एरीज’ या कंटेनर जहाजावर उतरले आणि त्यांनी ते ताब्यात घेतलं. जहाजावर २५ माणसं, त्यांतली १७ भारतीय. त्याच रात्री इराणने इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, आणि आमच्या क्लबहाउसमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. ए विंग पाडलेली क्षेपणास्त्रं मोजत होती, बी विंग पोचलेली. जहाज खालच्या पट्टीत सरकत होतं. सी विंगमधल्या एका बाई पाण्याची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्यांनी विचारलं, “ती खालची पट्टी जरा थांबवता येते का हो?” कुणीतरी म्हणालं, “काकू, समोरून बाजूला व्हा.”

ते जहाज निघालं होतं न्हावा शेवा बंदराला, आमच्या पनवेल खाडीच्या पलीकडे. ज्या नेरूळमध्ये टी. एस. चाणक्यसारखी दर्यावर्दी घडवणारी संस्था आहे, तिथे ही गोष्ट एकाही विंगला महत्त्वाची वाटली नाही. जहाजावरची केरळची एक शिकाऊ मुलगी १८ एप्रिलला घरी पोचली, आणखी पाच जण ९ मे रोजी सुटले. बाकीच्यांचं काय, हे विचारायला तेव्हा क्लबहाउसमध्ये कुणी नव्हतं. आयपीएल सुरू होतं.

तांबड्या समुद्राचंही तेच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूतींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्यातून निघून दहा-पंधरा दिवस उशिरा पोचू लागली, भाडं वाढलं ते वेगळंच. द्राक्ष बागायतदार कुणाच्या बाजूचा, असं आमच्या समितीला विचारून पाहा. उत्तर येईल, तो कार्यकक्षेबाहेर आहे.

तेव्हा बुलेटप्रूफ जाकीट घालून इस्रायलच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या वार्ताहर बंधुभगिनींना एक विनंती. १२ जानेवारी २०२४ पासून नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल जाते. गाड्या कमी आहेत, वेळापत्रक पाहून निघा. मधे न्हावा शेवा नावाचं स्टेशन लागतं. तिथे उतरा आणि ट्रेलरवाल्यांना विचारा, कुठलं जहाज अडकलंय, कुठला माल रखडलाय, कुणाचा पोरगा जहाजावर आहे. हेल्मेट लागणार नाही. बाइकवरून गेलात, तर मात्र घाला.