सम्राट अशोक, भुईगाव आणि साडू

विरारला घर घेतल्यापासून पुण्याच्या नातेवाइकांत आमची पत घसरलीच होती. ती सावरायला मी वारसा हाताशी धरला. साडूंनी शनिवारवाड्याचा विषय काढताच ठणकावलं, "वाडा 1732 चा ना? आमच्याकडे सम्राट अशोक आहे!"

हे खोटं नव्हतं. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा 1956 मध्ये भुईगावात मिळाला. तुकडे पुढे गेले कुठे, ते वाचण्याआधी मला झोप लागली असावी.

साडू आणि दोघी बहिणींना रिक्षात कोंबून निघालो. वाटेत नवव्या लेखाचं सार ऐकवलं : लोक, त्यातही बायका, नाना तऱ्हेचे फोल विधी करतात, खरं मंगल म्हणजे नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं. दोघींची वटपौर्णिमा नुकतीच झाली होती. भुईगाव येईपर्यंत रिक्षात फक्त रिक्षा बोलत होती.

एका वाडीत बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी काळा दगड दिसला. वर बारीक समांतर रेघा, मध्ये गुळगुळीत खोलगट खाच. मी गुडघ्यावर बसलो, बोट फिरवलं आणि म्हणालो, "ब्राह्मी." साडूंनी चपला काढल्या. फोटो झाले. इतक्यात वाडीतले म्हातारे काका कोयता घेऊन आले.

"जरा सरकता का? धार लावायचीय."

साडूंनी आधी चपला घातल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"शिलालेख ना? तो केव्हाच मुंबईला गेला, म्युझियमला," काका म्हणाले आणि वर वेलची केळ्यांची फणी हातात ठेवली. आठव्या लेखात अशोक सांगतो, की राजे पूर्वी शिकारीला जात. तो मात्र धर्मयात्रेला जातो, वृद्धांना भेटून सोनं देतो. वृद्धांना आम्हीही भेटलो. देणंघेणं तेवढं उलटं झालं.

उरलीसुरली अब्रू वाचवायला सगळ्यांना सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटावर, म्हणजे तिथल्या स्तूपावर, नेलं. स्तूप जागेवर आहे ना, हे आधी रिक्षावाल्याला विचारून घेतलं. स्तूपात करंडक सापडले, भिक्षापात्राचे तुकडे सापडले, बुद्धांच्या आठ मूर्ती सापडल्या, असं मी रंगवून सांगत होतो.

"ते कुठंयत?" साडू.

"मुंबईला. एशियाटिक सोसायटीकडे."

"म्हणजे तुमच्याकडचा वारसाही लोकल पकडून मुंबईलाच जातो! संध्याकाळी परत येत नाही एवढंच."

तेव्हा वाचकहो, स्तूप बघायला नालासोपाऱ्याला जरूर या. पण अशोकाची अक्षरं बघायची असतील तर चर्चगेटचं तिकीट काढा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. भुईगावच्या दगडावर आता कोयत्याला धार लावून मिळते.