खाडेनवीस

एकत्र कुटुंबात एक खाडेनवीस असतोच. तुमच्या घरातला कोण, ते मी सांगायला नको; कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीने बॉलपेन कुणी बांधलंय तेवढं बघा.

आमच्याकडे हे खातं अण्णांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. डोंबिवलीच्या तीन खोल्यांत तीन पिढ्या आणि एक कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ते सुरू केलं, त्यात तिथी, सण, एकादश्या असं सगळं दिलं. अण्णांच्या लेखी मात्र तारखेखालची कोरी जागा हाच मुख्य मजकूर.

'दू. जा.' म्हणजे दूध जादा, 'पे. ना.' म्हणजे पेपर नाही, 'बा. खा.' म्हणजे बाईंचा खाडा. सिलिंडर लावला की तारखेभोवती गोल. मागे एक सिलिंडर चार दिवस आधी संपला, तेव्हा 14.2 किलो गॅस गेला कुठे याची चौकशी भरल्या ताटांवर झाली आणि ठपका माझ्या अनारशांवर आला. पुढे पाइपचा गॅस आला. आता तरी सुटले म्हणावं, तर अण्णा टॉर्च घेऊन मीटर वाचायला लागले.

इथवरही चालेल. पण एकदा खाडे दिसायला लागले की माणसाला दुसरं काही दिसत नाही. नातवाने पर्वचा चुकवली, खाडा. ह्यांची लोकल रखडली म्हणून ठाण्यालाच वडापाव खाऊन आले, 'रा. जेवण खा.' मी माहेरी गेले की चौकटींवरून लांबलचक बाण आणि टोकाशी 'सौ. खा.' कामाच्या बाईंनी ते एकदा वाचलं आणि भांडी घासता घासता हळूच विचारलं, "वहिनी, तुमचेपण कापतात?"

दूधवाल्याने ॲप आणलं तेव्हा अण्णांनी महिनाभर दोन्हींचा ताळा केला. अर्ध्या लिटरचा फरक निघाला. चूक अण्णांची होती. कॅलेंडरवर नोंद झाली, 'ॲप चुकले.'

जुनी कॅलेंडरं दिवाणाखाली नाडीने बांधून ठेवलेली असतात. मिक्सरची वॉरंटी संपली का ते बघायला मी एकदा गठ्ठा सोडला आणि सासूबाई गेल्या तो महिना हाती आला. त्या तारखेखाली 'सौ.' नाही, 'खा.' नाही. एवढंच: 'उद्यापासून दूध पाव लि. कमी.' रात्री सगळे झोपल्यावर लिहिलं असणार, कारण दिवसभर माणसं होती. मी गठ्ठा बांधून ठेवला. मिक्सर पैसे देऊनच दुरुस्त केला.

गेल्या पावसाळ्यात अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बॉलपेन नातवाकडे आलं आणि त्याने आजोबांचाच शिरस्ता पाळला: बाण काढून 'अण्णा खा.' डिस्चार्ज मिळून घरी आले, चप्पलसुद्धा न काढता भिंतीपाशी गेले, चष्मा लावला. आम्ही श्वास रोखून उभे. पोटावर एक हात दाबत त्यांनी बॉलपेन घेतलं आणि शेवटच्या चौकटीत दुरुस्ती केली.

"डिस्चार्ज बाराच्या आत मिळालाय," नातवाला म्हणाले, "आजचा अर्धाच धरायचा."