स्पर्धा आणली, शाळा राहिली

चेन्नईत नुंगमबाक्कमच्या टेनिस स्टेडियमसमोर उभं राहिलं की पुणेकर म्हणून मला टोचतं. १९९७ ते २०१७ अशी सलग २१ वर्षं इथे चेन्नई ओपन भरली. वावरिंका इथे चारदा जिंकला, २००८ ची फायनल नदाल इथेच हरला. २०१८ मध्ये ही स्पर्धा आपण बालेवाडीला नेली आणि हरखून गेलो. २०२३ नंतर ती बालेवाडीतूनही गेली. आज चेन्नईकडेही ती स्पर्धा नाही आणि आपल्याकडेही नाही.

चेन्नईकडून आणण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. ती आणायचं आपल्या मनातही आलं नाही.

विम्बल्डनला मुलांच्या एकेरीत भारताने आजवर तीनदा विजेतेपद मिळवलं आहे. १९५४ मध्ये रामनाथन कृष्णन, १९७९ मध्ये त्यांचा मुलगा रमेश आणि १९९० मध्ये लिअँडर पेस. तिघांचंही टेनिस या एकाच शहरात घडलं. लिअँडर जन्माने कोलकात्याचा आणि त्याचे वडील वेस पेस गोव्याचे. पण १९८५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तो मद्रासला आला आणि इथेच शिकला.

एका शहरात हे तीनदा घडलं तर त्याला नशीब म्हणू नये. पोराला परदेशी स्पर्धेला कसं पाठवायचं, हे या शहराला कळलं होतं. आपल्याला ते अजून कळलेलं नाही, म्हणून आज हा विषय.

पहिला धडा हरलेल्या पोराचा. १९५३ मध्ये कृष्णन सोळा वर्षांचे होते. विम्बल्डनच्या ज्युनिअर फायनलला पोचले आणि इंग्लंडच्या बिली नाइटकडून ७–५, ६–४ असे हरले. पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच गवतावर उतरले आणि अ‍ॅशली कूपरला ६–२, ७–५ असं हरवून जिंकले. हाच कूपर १९५८ मध्ये विम्बल्डनचा पुरुष विजेता झाला. मुलांमध्ये ही स्पर्धा जिंकणारे कृष्णन पहिले आशियाई. दुसऱ्या वर्षाचं तिकीट काढलंच नसतं, तर ते फक्त एक उपविजेते म्हणून उरले असते. आपल्याकडे पोरगं पहिल्या फेरीत हरून परतलं की घरात खर्चाचा हिशोब सुरू होतो आणि विमानतळावरून घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. पालकहो, पोराला ही शांतता पराभवापेक्षा जास्त लागते. परदेशातली पहिली स्पर्धा ही ओळख असते. तिचा निकाल दुसऱ्या वर्षी लागतो.

दुसरा धडा आजोबांचा. रामनाथन कृष्णन यांना त्यांच्या वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी घडवलं. पुढे त्याच हातांखाली नातू रमेशही घडला. रमेशच्या सर्व्हिसमध्ये ताकद नव्हती. होता तो हात, नजर आणि डोकं. त्या भांडवलावर त्याने १९७९ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन अशी दोन्ही ज्युनिअर विजेतेपदं घेतली. विम्बल्डनच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड सिगलरला त्याने ६–०, ६–२ असं धुतलं. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मॅट्स विलँडरला हरवलं, तेव्हा विलँडर जगात पहिला होता. त्या काळात सामना चालू असताना बाहेरून शब्द काढायची परवानगी नव्हती. जे शिकवायचं ते घरी शिकवून झालेलं असायचं आणि कोर्टावर पोरगं एकटं असायचं.

२०२५ पासून टेनिसच्या नियमांनी बाहेरून सूचना द्यायची वाट मोकळी केली आहे. नियम चांगला आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावू नका. प्रत्येक पॉइंटनंतर कठड्याकडे बघणाऱ्या पोराला प्रतिस्पर्धी दिसत नाही, त्याला बापाचा चेहरा दिसतो. लहान ज्युनिअर स्पर्धांत बहुतेक कोर्टांवर खुर्चीत पंच नसतो. चेंडू आत की बाहेर हे मुलांनीच सांगायचं असतं. समोरच्याने आतला चेंडू बाहेर दिला तर काय करायचं? आवाज न चढवता खेळ थांबवायचा, हात वर करायचा आणि फिरत्या पंचाला बोलवायचं. परक्या देशात, परक्या भाषेत, चौदाव्या वर्षी हे एकट्याने करायचं असतं. याची तालीम कोणत्या अकादमीत होते? फोरहँड हजार वेळा घोटून घेता, तर ही चार वाक्यंही घोटून घ्या.

तिसरा धडा गुणांचा. जागतिक ज्युनिअर मालिकेत जे३० दर्जाची स्पर्धा जिंकली की ३० गुण, जे५०० जिंकली की ५००, आणि ज्युनिअर ग्रँड स्लॅम जिंकलं की १०००. हा तक्ता आज टेनिस खेळणाऱ्या प्रत्येक घरात पाठ आहे. मग कुठल्या देशातल्या जे३०चा ड्रॉ कच्चा आहे हे शोधून पोराला तिकडे धाडलं जातं. रँकिंग वर सरकतं आणि खेळ जागच्या जागी राहतो. मोठ्या ड्रॉमध्ये नाव आलं की पहिल्याच फेरीत हे उघडं पडतं. स्पर्धा कुठली, हे पोराच्या खेळात काय कमी आहे ते बघून प्रशिक्षकाने ठरवायचं. बॅकहँडवर उंच उसळी येते तेव्हा पोरगं गडबडतं? मग त्याला मातीच्या कोर्टावर न्या. पहिल्या फेरीत हरलं तरी चालेल, सोबत दुहेरी खेळवा आणि आठवडाभर तिथेच सराव करून घ्या.

चौथा धडा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत महाग. तो अमृतराजांच्या घरातून आला. मॅगी अमृतराज यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यवसाय सांभाळत आनंद, विजय आणि अशोक ही तीन मुलं विम्बल्डनपर्यंत पोचवली. अशोक १९७४ मध्ये तिथल्या ज्युनिअर फायनलमध्ये खेळला. एका आईला हे किती जड गेलं असेल, ते विजयने जवळून पाहिलं होतं. १९८५ मध्ये ब्रिटानिया कंपनीच्या पैशाने त्याने मद्रासला अकादमी उभी केली. निवडक मुलं, एकत्र राहणं आणि डेव्ह ओमेरासारखा पूर्ण वेळचा प्रशिक्षक. पाच वर्षांत लिअँडर ज्युनिअर विम्बल्डन जिंकला, फायनलमध्ये मार्कोस ओंड्रुस्काला ७–५, २–६, ६–४ असं हरवून. दुसरा सेट २–६ गेल्यावर सावरणं हे त्या पाच वर्षांचं शिक्षण. १९९१ मध्ये त्याने ज्युनिअर यूएस ओपनही जिंकली, १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक कांस्य आणलं. २०२४ मध्ये न्यूपोर्टच्या टेनिस हॉल ऑफ फेममध्ये विजय आणि लिअँडर, वाट दाखवणारा आणि चालणारा, एकाच दिवशी दाखल झाले.

आता आपल्याकडे बघा. मदतीची बातमी येते, ती खेळाडूच्या तिकिटाची. सोबत जातो बाप, रजा टाकून, किंवा आई, नोकरी सोडून. त्यांच्या मायेला मी हात जोडतो. पण अनोळखी गावात उतरल्यावर साइन-इनची वेळ गाठायची, सरावाला कोर्ट मिळवायचं, तिथले चेंडू जड की हलके ते पाहून रॅकेटचं गटिंग एक-दोन पाउंडांनी कमी-जास्त करून घ्यायचं, संध्याकाळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना बघायचा आणि हरलेल्या पोराशी त्या रात्री टेनिस सोडून बोलायचं, हे सगळं शिकलेल्या माणसाचं काम आहे. माया या कामाची जागा घेऊ शकत नाही. जी मुलं एकटीच जातात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

पुण्याचा मानस धामणे शिकायला इटलीत बोर्दिगेराला, रिकार्डो पियाटींच्या केंद्रात गेला. त्याने योग्यच केलं. पण बालेवाडीत एवढी कोर्टं असताना आपल्या पोराला शाळा सातासमुद्रापार शोधावी लागते, याची लाज पोराला नाही, आपल्याला वाटायला हवी.

उपाय अवघड नाही. चार मुलं, एक प्रशिक्षक, वर्षाला ठरावीक दौरे. चौघांचा खर्च वाटला जातो, चौघं एकमेकांना सरावाला मिळतात, आणि एक हरला की उरलेले तिघे त्याला जेवायला ओढून नेतात. हाच गट पुढच्या वर्षीही त्याच स्पर्धांना, त्याच प्रशिक्षकासोबत पाठवा. पाठवा आणि पाच वर्षं थांबा. मद्रासने तेवढीच घेतली होती.

एटीपीची स्पर्धा पुन्हा महाराष्ट्रात आणण्याचं कुणीतरी उद्या बोलेल. आणा, मी तिकीट काढून येईन. पण ज्युनिअर खेळाडूंसाठी निधी जाहीर होईल, त्या दिवशी मंचावरच्या पाहुण्यांना एकच प्रश्न विचारा: यात प्रशिक्षकाचं तिकीट धरलंय का?