सटवाईची रात्रपाळी

भिलाईत वजनाची गोष्ट निघाली की टनाखाली कोणी बोलत नाही. 1959 साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हापासूनची ही सवय. रूळ काढायचा तोही 130 मीटरचा, अखंड. अशा गावात क्लिनिकमधली नोकरी सोडून मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रुजू झाले, तर तिथली सकाळची मोठी बातमी काय, तीन नंबरच्या वॉर्मरवरचं बाळ 20 ग्रॅमने वाढलं! डॉक्टर खूश, सिस्टर खूश. सुपेल्याच्या बाजारात 20 ग्रॅम जिरं मागितलं तर दुकानदार मान वर करून बघायचा नाही.

क्लिनिकमधले पेशंट बोलके. 'सिस्टर, बीपी जरा कमीच लिहा, घरी कटकट होते,' इथपासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळं दंडाला पट्टा बांधता बांधता कळायचं. इथला पेशंट हूं की चूं करत नाही. त्याच्या वतीने मॉनिटर बोंबलतो. दोन-दोन महिने आधी आलेली ही मंडळी मधेच श्वास घ्यायचं विसरतात. तळपायाला हलकेच टिचकी मारली की आठवतं. फारच विसराळू असेल त्याला डॉक्टर कॅफीन लिहून देतात. रात्री तीन वाजता कॅफीन पेशंटला आणि जांभया सिस्टरला, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 80-90 मिलीलीटर. क्लिनिकमध्ये तपासणीला पाच मिली काढताना मी गप्पा मारायचे. इथे अर्ध्या मिलीचाही हिशोब डोक्यात ठेवावा लागतो, आणि गप्पा आपोआप बंद होतात.

'ओपीडीचा अनुभव इथे काही कामाचा नाही हं,' असं एका सीनियरने सुरुवातीलाच बजावलं होतं. आत नसेल. पण दाराबाहेरच्या बाकावर अर्धी भिलाई बसलेली असते, तेलुगू मावशी, मल्याळी आजोबा, छत्तीसगढी आजी, आणि तिथे माझ्या जिभेला मरण नाही. 'नोनी ला निळ्या ट्यूबलाइटखाली काबर ठेवलंय?' असं एका आजीने तिच्या-माझ्या मिळून झालेल्या भाषेत विचारलं. तिला मी सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्सची गोष्ट सांगितली. 1956 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात ही बाई अशक्त बाळांना बागेत उन्हाला न्यायची. एका बाळाची कावीळ उतरलेली, फक्त चादरीने झाकलेला तेवढा तुकडा पिवळाच. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरने औषधबिषध फासलंय! या दिव्यांच्या मागे ते ऊन आहे. आजीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, कोवळं ऊन दाखवायचं हे तर आमच्या गावात कोणीही सांगेल. आता सिस्टर वॉर्डची बाजू मी किती लढवणार!

हुडको वसाहतीतल्या एका मराठी आजींचा हट्ट मात्र अवघड होता. सहावा दिवस, रात्री सटवाई नशीब लिहायला येणार, तर कोरा कागद आणि लेखणी बाळाच्या उशाशी हवी. बाहेरची वस्तू आत नेता येत नाही. मग मी काचेतून त्यांना चार्ट दाखवला. तासातासाला नाडी, ऑक्सिजन, दर दोन तासांनी नळीतून दूध 2 मिली, लघवी किती झाली, खाली सही. रात्रभर कोण लिहितं हे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यांनी चष्मा पुसून चार्ट पुन्हा न्याहाळला.

'मग अक्षर जरा बरं काढत जा गं,' म्हणाल्या.