गाण्यात आपलं नाव

ब्रसेल्समधल्या आफ्रिकन संगीतरात्रींची पोस्टरं साधारण एकाच वळणाची असतात. मधोमध गायक, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात आंबा, पपई आणि कलिंगड यांच्यात तडजोड करून ठरवलेल्या रंगाचा कोट. मागे ताडाचं झाड, त्याच्यामागे मावळता सूर्य आणि वर ठसठशीत अक्षरांत 'ट्रॉपिकल'. ज्या काचेवर हे चिकटवलेलं असतं तिच्यावरून पावसाचं पाणी ओघळत असतं, आणि वाचणारा माणूस लोकरी टोपीत कान कोंबून उभा असतो. नोव्हेंबर ते मार्च या शहरात सूर्य बिनपगारी रजेवर असतो. त्यामुळे पोस्टरवरच्या सूर्याकडे लोक अंमळ जास्तच वेळ पाहतात.

पोस्टरच्या तळाशी वेळ दिलेली असते : रात्री नऊ. हा मजकूर ताडाच्या झाडाइतकाच सजावटीचा असतो.

आपल्याकडेही 'सायंकाळी ठीक सहा वाजता'चा कार्यक्रम दीपप्रज्वलन, स्वागत आणि आभाराच्या आगाऊ हप्त्यानंतर सातला सुरू होतो, हे मला ठाऊक आहे. पण तरी आपण साडेपाचला जाऊन पुढच्या रांगेत रुमाल टाकतोच. ते रक्तात आहे. त्यामुळे पावणेनऊला त्या हॉलमध्ये तिघंच असतात : वायरींच्या गुंत्यात बसलेला ध्वनिवाला, दाराशी तिकिटं फाडणाऱ्या बाई आणि मी. बाईंना सगळे 'मामाँ' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. इथली बहुतेक मंडळी कांगोली, आणि कांगोली माणसांत वयाने वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पुढे 'पापा' किंवा 'मामाँ' लागतं. माझ्यासारखा चष्मेवाला माणूस इतक्या लवकर का येतो, याचा मामाँनी बराच विचार केला असावा. कारण एकदा त्यांनी हळूच विचारलं, "नगरपालिकेकडून आलात का?"

अकराच्या सुमारास माणसं येऊ लागतात, आणि मग वाट पाहण्याचं चीज होतं. गाण्याला जाताना आपण बरे कपडे घालतो. ही मंडळी कपडे घालून येतात आणि सोबत गाणं असलं तर ऐकतात. गायक पापा वेम्बाने सत्तरच्या दशकात कांगोच्या राजधानीत, किन्शासात, ज्या छानछोकीला गाण्याइतकंच मानाचं स्थान मिळवून दिलं, तिचे उपासक इथे अजून आहेत. जे. एम. वेस्टनचे बूट आहेत हे कुणी विचारायच्या आधीच पाय पुढे येतो. कोट काढून खुर्चीवर टाकताना आतलं लेबल वर राहील अशी घडी पडते. बायकांच्या अंगावर मोठमोठ्या नक्षीचं वॅक्स-कापड. या 'अस्सल आफ्रिकन' कापडाचा सगळ्यांत नावाजलेला कारखाना हॉलंडमधल्या हेल्मंड गावात १८४६ पासून चालू आहे, आणि त्याची नक्षी मुळात जावा बेटातल्या बाटिकची नक्कल म्हणून सुरू झाली. पण कापड नेसणारीच्या तोऱ्याकडे पाहिलं की हे सांगण्याची छाती होत नाही.

या रात्रींचं माहेर म्हणजे मातोंगे. इक्सेल भागात, पोर्त द नामूरच्या मेट्रोतून वर आलं की सुरू होणारी ही काही रस्त्यांची वस्ती. नाव किन्शासातल्या, रात्रभर जाग्या असणाऱ्या एका मोहल्ल्यावरून आलेलं. इथून चालत जाण्याच्या अंतरावर युरोपियन संसद आहे. तिथे चोवीस अधिकृत भाषा दुभाष्यांमार्फत, एकामागून एक बोलल्या जातात. मातोंगेत भाषा थोड्या कमी असतील, पण सगळ्या एकाच वेळी आणि दुभाष्याशिवाय. इक्सेलच्या गल्लीवजा बाजारात केस विंचरून बारीक वेण्या घालायला अर्धा दिवस लागतो. शेजारच्या दुकानात कसाव्याचा पाला आणि खारवलेला मासा असतो. जवळच मोलिएर नाट्यगृह आहे, तिथे 'म्युझिकपब्लिक' ही संस्था जगभरचं संगीत ऐकवते. तिथे खुर्च्या आहेत, अंधार आहे, टाळ्या कधी वाजवायच्या हे कळण्याची सोय आहे. मी तिथेही जातो. पण तिथे मला कुणी नगरपालिकेचा समजत नाही, सगळेच तसे दिसतात.

कांगो आणि बेल्जियम यांचं नातं जुनं. कांगो आधी १८८५ पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता, १९०८ पासून १९६० पर्यंत बेल्जियमची वसाहत. मालक आणि कुळ यांच्यातलं जुनं खातं अजून पुरतं मिटलेलं नाही. स्वतंत्र कांगोचा पहिला पंतप्रधान पात्रिस लुमुंबा याचं नाव मातोंगेच्या वेशीवरच्या एका छोट्या चौकाला मिळालं ते ३० जून २०१८ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बरोबर अठ्ठावन्न वर्षांनी. चौक एवढासा आहे, की पाटी वाचून होईतो तो संपतो.

गाणं मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतं. पहिला भाग संथ. तीन-चार गायक गळ्यात गळा घालून काहीतरी दुःखाचं सांगत असतात, लिंगाला भाषेत. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त ट्रामचालक राहतात. सगळी इमारत त्यांना पापा म्हणते. या रात्रींची गोडी मला त्यांनीच लावली. अर्थ विचारला तर ते एक कान स्टेजकडे ठेवून सांगतात, "ती गेली."

"आणि पुढचं कडवं?"

"तेच. अजून आली नाही."

मग ड्रमवाला एक ठोका उलटा मारतो, गायक बाजूला सरकतात आणि 'सेबेन' सुरू होतो. हा सेबेन म्हणजे या संगीताचा प्राण. दोन-तीन गिटारी एकमेकींच्या मोकळ्या जागांत शिरतात. एक गिटार चार-सहा सुरांचा तुकडा घेऊन फिरत राहते, दुसरी त्याच्या फटी बुजवते, तिसरी वरून हसते. समेची वाट पाहत बसलेला माझा कान पहिल्यांदा अगदी रडकुंडीला आला होता. इथे सम येत नाही, ती सतत आलेलीच असते. वीस मिनिटं कुणी थांबत नाही. नाचणाऱ्यांचं कमरेच्या वरचं शरीर बँकेच्या रांगेत उभं असावं इतकं स्वस्थ आणि कमरेखाली मात्र सगळा व्यवहार चालू. आपल्या पुरुषांना वरातीत दोन हात वर करून नाचण्याचं जे शिक्षण मिळतं त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

या वाद्यवृंदाची वंशावळ पापा मोठ्या आवडीने सांगतात. १९३३ पासून एचएमव्हीच्या 'जीव्ही' मालिकेतल्या क्युबन तबकड्या आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या, आणि कांगोच्या माणसांना त्यांत आपलंच काहीतरी ऐकू आलं. येणारच, गुलाम म्हणून क्युबाला नेलेल्यांत कांगो खोऱ्यातली माणसं होतीच. मग तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या किन्शासात, ग्रीक व्यापाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाची दुकानं थाटली. पन्नासच्या दशकात बिल अलेक्सांद्र नावाचा एक बेल्जियन जाझवाला विजेची गिटार घेऊन गेला. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने हे संगीत, म्हणजे कांगोली रुंबा, मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातला. हे सगळं ऐकल्यावर बारपाशी एखादा युरोपियन तरुण डोळे मिटून "काय शुद्ध आफ्रिकन सूर आहेत!" म्हणाला, की मी ग्लासात पाहतो.

पण मला या रात्रींना पुन्हा पुन्हा खेचतो तो गिटारवाला नव्हे, आतालाकू. सेबेनमध्ये आरोळ्या देणारा हा माणूस. गाणं त्याचं काम नाही, पेटवणं हे त्याचं काम. हातात खुळखुळा असतो, जो किन्शासात कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यापासून बनवत. तो नाचाच्या आज्ञा देतो, म्हणी फेकतो आणि मधूनमधून नावं घेतो. आधी वाटलं, वादकांची ओळख करून देतोय. पण वादक सहा आणि नावं संपेचनात. अमुक पापा, बोस बॅटरीवाले. तमुक मामाँ, लिएजच्या. कुणी अँटवर्पचे गाड्यांचे व्यापारी. आणि ज्याचं नाव येई तो गर्दीतून डुलत पुढे येई आणि गायकाच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवी.

जुन्नर तालुक्यात बालपण गेलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. ही दौलतजादा होती. नारायणगावच्या आसपासच्या जत्रांतून, कनातीच्या फटीतून पाहिलेली. तिथे गाणं थांबे, सोंगाड्या नोट वर धरी आणि सगळ्या शिवारात ऐकू जाईल असं गावचं, घराण्याचं आणि रकमेचं जाहीर वाचन होई. फरक इतकाच, की आमच्याकडे नाव घेताना ढोलकी दम खाते. इथे नाव तालात बसवून गाण्यातच विणतात. शिवाय इथे रक्कम सांगत नाहीत. हा एवढा सभ्यपणा आमच्या पाटलांना कधीच मानवला नसता.

असं पैसे घेऊन नाव घेण्याला ते 'माबांगा' म्हणतात, आणि हे मातोंगेतल्या छोट्या हॉलपुरतं नाही. मोठमोठ्या तारांकित गायकांच्या ध्वनिमुद्रित गाण्यांतही पैसे देऊन घातलेली नावं असतात. कॅसेट-सीडींच्या चोरट्या नकलांनी विक्रीतून काही मिळेनासं झालं, तेव्हा नावांनी कलाकार जगवले. काही गाणी ऐकताना टेलिफोन डिरेक्टरीला चाल लावली आहे की काय असं वाटतं. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. मला रुचतं. आपल्याकडच्या स्मरणिकांत 'हार्दिक शुभेच्छा' छापून घेणाऱ्यांना निदान नाचायला तरी कुठे मिळतं?

शिवाय थोरामोठ्यांचीही यात उडी आहे. टीपी ओके जाझ वृंदाचा फ्रँको म्हणजे कांगोली संगीताचा डोंगर. १९८९ साली त्याचा अंत इथेच, बेल्जियमच्या नामूर प्रांतात झाला. त्याचं 'आझ्दा' हे १९७३ चं गाणं आफ्रिकाभर लोकांनी डोळे मिटून ऐकलं. ते विरहगीत नाही. किन्शासातल्या फोक्सवॅगनच्या विक्रेत्याची जाहिरात आहे. इतकी हळुवार जाहिरात मी दुसरी ऐकली नाही. गाडी घ्यावीशी वाटतेच, वर तिच्यात बसून रडावंसंही वाटतं.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट याच शहरातली. जानेवारी १९६० मध्ये कांगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी नेतेमंडळी ब्रसेल्सला जमली, तेव्हा जोसेफ काबासेले, म्हणजे ग्रां काले, आपला आफ्रिकन जाझ हा वृंद घेऊन आला होता. तारीख ठरली, ३० जून. आणि प्लाझा हॉटेलात 'अँदेपांदाँस चा चा' वाजलं. आफ्रिका खंडाच्या स्वातंत्र्याचं हे गाणं, आणि त्यात आहे काय? बरीचशी नावंच. कासाव्हुबू, लुमुंबा, चोंबे, पक्षांची नावं. एकही माणूस रुसू नये अशी सोय. पुढे वर्षही झालं नाही तोच, जानेवारी १९६१ मध्ये, लुमुंबाची हत्या झाली. आणि ती झाली चोंबेच्या ताब्यातल्या कटांगा प्रांतात. गाण्यात मात्र दोघं अजून एकाच चालीत आहेत. पापा हे गाणं लावतात तेव्हा त्या नावांपाशी बोलणं थांबवतात.

नावाची किंमत उलटीही मोजावी लागते. गाण्यांतून सत्ताधाऱ्यांची नावं आळवणाऱ्या बड्या गायकांवर परदेशस्थ कांगोली तरुणांचा रोष झाला. 'काँबाताँ' म्हणवणाऱ्या या विरोधकांनी ब्रसेल्स-पॅरिसमधले मोठे जलसे कित्येक वर्षं होऊ दिले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये फाली इपुपा या गायकाचा पॅरिसच्या बेर्सी सभागृहातला कार्यक्रम झाला, तर गार द लिओं स्टेशनाजवळ जाळपोळ झाली. मोठ्या गवयांची दारं बंद झाली त्या काळात हे छोटे हॉल बिनघोर वाजत होते. इथल्या यादीत मंत्री नसतात. बॅटरीवाल्यावर कोण चिडणार?

तर अशाच एका रात्री, सेबेन ऐन रंगात आलेला असताना, आतालाकू ओरडला, "पापा गातापान्दे!"

मी ग्लासात पाहत होतो. "पापा गातापान्दे, इक्सेल! मुंबई!" लोक वळून पाहू लागले. आडनाव घाटपांडे, गाव जुन्नर. पण एवढ्या तपशिलाला तालात जागा नव्हती. शेजारी पापा निरागस चेहऱ्याने छताकडे पाहत होते. मग कुणीतरी मला पुढे ढकललं. माझ्या घराण्यात आजवर कुणी दौलतजादा केल्याची नोंद नाही. केली असल्यास ती दडपली गेली आहे. खिशात पाच आणि पन्नास अशा दोनच नोटा होत्या. गायकाचं कपाळ समोर आलं. पाचाची नोट काढावी तर कपाळाचा अपमान, पन्नासाची काढावी तर बायकोचा. ती मागे मोबाइल वर धरून चित्रण करत होती, त्यामुळे पुरावाही राहणार होता. मी पन्नासाची चिकटवली. मामाँनी दारातून दोन्ही हात वर करून आरोळी दिली. नगरपालिकेचा संशय त्या क्षणी कायमचा फिटला असावा.

सकाळपर्यंत चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर पोचली होती. पुण्याच्या काकांनी फक्त "किती?" एवढंच विचारलं. त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

आहेर आला म्हणजे परत करायचा, एवढी रीत मला कळते. मी पापांना म्हटलं, पुढच्या वेळी तुमचं नाव माझ्याकडून. ते थोडे लाजले, आणि संध्याकाळी एक यादी घेऊन वर आले. चार मजले चढून; लिफ्ट कित्येक महिन्यांपासून बंद आहे. यादीत त्यांचं नाव होतं, किन्शासातल्या थोरल्या बहिणीचं होतं, त्यांच्या आवडत्या फुटबॉल क्लबचं होतं. सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, आमच्या घरमालकाचं.

"यांचं कशाला?" मी विचारलं.

"पत्रं लिहून झाली, फोन करून झाले," पापा धापा टाकत म्हणाले. "आता गाण्यात घालून बघू. याचे पैसे आपण निम्मेनिम्मे देऊ."

मला म्हणणं पटलं. फक्त आतालाकूला सांगावं लागेल, की यांच्या नावापुढे 'इक्सेल' नको, मजला सांग.